पौर्णिमेचा सत्कार

आरोग्य आणि स्वच्छ पर्यावरण हे प्रत्येक माणसाचे मूलभूत हक्क आहेत, आणि ते त्याच्याकडून कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. हे वाक्य मी नागरिकशास्त्राच्या तासाला वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. लिहून झालं की कडेच्या मुलींना खिडक्या लावून घ्यायला सांगायची, कारण शाळेच्या मागे भंगारवाले तांब्यासाठी वायरी जाळत. मुलं खोकत खोकत वाक्य वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण गुण मिळायचे.

निवृत्त झाल्यावर हा विषय सुटला असं मला वाटलं होतं. पण आम्ही काळेवाडीत राहतो. आमच्या मागच्या भिंतीला लागून पावडर कोटिंगची शेड होती. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना लागणारे लोखंडी पार्ट तिथे यायचे, आकड्यांना टांगले जायचे, त्यांच्यावर रंगाची पावडर मारली जायची आणि मग भट्टीत भाजून काढायचे. पार्ट चकचकीत होऊन टेम्पोत बसायचे. मागे उरायचे ते आकडे. रंग त्यांच्यावरही चढतो, थरावर थर बसतो, आणि मग त्यांना पार्ट नीट टांगता येत नाही. थर काढायचे बरेच उपाय असतील. शेडवाल्याचा उपाय असा की आकडे पत्र्याच्या पिंपात टाकायचे, वर डिझेल ओतायचं आणि काडी लावायची. रोज संध्याकाळी दुसरी शिफ्ट आत आली की पिंप पेटायचं. प्लॅस्टिकची बादली चुलीवर विसरल्यावर येतो तसला वास यायचा, फक्त बादली संपत नसे.

कोणत्या रंगाचं काम चालू आहे ते आम्हाला दोरीवरच्या कपड्यांवरून कळायचं. एकदा शेजारीण म्हणाली, "बाई, यंदा गाड्या निळ्या निघणार वाटतं." गल्लीत सगळे मला बाईच म्हणतात. आमचे मिस्टरसुद्धा, मात्र ते चेष्टेनं.

मिस्टरांनी आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये काम केलं. तिथे त्यांचा एक कान गेला, छाती शाबूत राहिली. याचा त्यांना अभिमान होता. रोज सकाळी आंघोळ झाली की ते बुद्धमूर्तीसमोर बसून वंदना म्हणायचे, मोठ्यानं, कारण स्वतःला ऐकू यायला हवं. एका श्वासात एक ओळ. त्यांच्या आवाजावर मी चहा ठेवायची. मग हळूहळू ओळ मध्येच तुटायला लागली. आधी शेवटच्या शब्दावर, नंतर अर्ध्यावर. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, धूर टाळा. कुठे जाऊन टाळायचा ते म्हणाले नाहीत. पंप लिहून दिला.

मी तक्रार केली. शिकवलेलं एकदा वापरून बघावं म्हणून रीतसर केली, कलमासकट. एकविसावं कलम, जीविताचा हक्क. त्यात स्वच्छ हवेत जगण्याचा हक्क येतो असं न्यायालयांनी सांगितलेलं आहे. अर्ज असा झाला होता की मीच त्याला चांगले गुण दिले असते. त्यावर प्रदूषणाच्या ऑफिसातून एक अधिकारी खरोखरच आला. तो गुरुवारी आला.

इकडच्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. रविवारी आमच्याकडे भोंगे वाजतात आणि गुरुवारी लग्नं लागतात, हे इथे जन्मलेल्या पोरालाही ठाऊक असतं. शेड बंद होती, पिंप झाकलेलं होतं. अधिकाऱ्यानं गल्लीच्या मधोमध उभं राहून नाकानं जोरात श्वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, हवा तर छान आहे इथली. आमच्या ऑफिसपेक्षा बरी आहे."

"आज गुरुवार आहे," मी म्हटलं.

"हो ना. बाकीचे वार फार गडबड असते."

शेडवाल्यानं त्याला चहा पाजला. मी पुन्हा अर्ज केला, तो पुन्हा आला. पुन्हा गुरुवारी. त्यानंतर मी अर्ज करणं सोडलं, कारण पाहणीच्या कागदावर तक्रारदाराची सही लागते, आणि त्याच्या हातात माझ्याच सहीनं हवा स्वच्छ असल्याचे पुरावे जमा होत होते.

शेडवाला माझाच विद्यार्थी. गावकी घरातला, म्हणजे इथल्या मूळ जमीनवाल्यांतला, त्याच जमिनीवर शेडी टाकून मोठा झालेला. गल्लीत त्याला भाऊ म्हणतात. पर्यावरण दिन आला की चौकात त्याचा बॅनर लागतो: हातात रोप, नजर वर कुठेतरी, बहुधा फोटोग्राफरच्या डोक्याच्या वर. राहायला तो निगडीला प्राधिकरणात, जिथे रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी झाडं एकमेकांना भेटतात. शेडमध्ये तो येतो, पण काच बंद केलेल्या गाडीतून येतो आणि आतल्या एसी केबिनमध्ये बसतो. मी त्याच्याशीही बोलून पाहिलं होतं. "बाई, तुमी म्हणताय ते बरोबर हाय. बघतो," असं तो म्हणाला. मग त्यानं आमच्याकडे एक तुळशीचं रोप पाठवलं. बौद्धांच्या घरात तुळस. मी ती शेजारणीला दिली. तिच्याकडेही ती धुरानं गेली.

मग थंडी सुरू झाली. थंडीत धूर वर जात नाही, गल्लीत बसून राहतो, पाहुण्यासारखा. एक सकाळ अशी आली की मी चहा ठेवून थांबले आणि आवाजच आला नाही. जाऊन बघितलं तर मिस्टर मूर्तीसमोर बसून नुसते ओठ हलवत होते.

"मोठ्यानं म्हणा की," मी म्हटलं.

"मनातल्या मनात म्हटली तरी चालते," ते म्हणाले, आणि तेवढं बोलायला त्यांना मध्ये थांबावं लागलं.

मीही त्या क्षणी मनातल्या मनात बरंच काही म्हटलं. ते वंदनेत बसणारं नव्हतं. करुणा, मैत्री, क्षमा यांवर मी अनेक भाषणं दिलेली आहेत आणि त्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास आहे. पण त्या सकाळपासून मला न्याय नको होता. न्यायासाठी केलेल्या अर्जाचं काय होतं ते मी बघितलं होतं. मला तो शेडवाला खोकताना बघायचा होता.

संधी त्यानंच घरपोच आणून दिली. निवडणूक तोंडावर होती आणि आमच्या गल्लीत मतं बरीच. एका दुपारी भाऊ दोन कार्यकर्ते आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला, पाया पडला, खुर्चीच्या कडेवर बसला.

"बाई, तुमचा सत्कार ठेवलाय."

"मी काय केलं?"

"असं कसं? आख्खी गल्ली शिकवली तुमी. कार्यक्रमाचं नाव बी ठरलंय. 'आरोग्य आणि स्वच्छ पर्यावरण : आपला मूलभूत हक्क'. पक्षाचे मोठे साहेब येणार हायत. प्रदूषणवाले साहेब बी स्टेजवर असणार."

"हा धडा तू ऑप्शनला टाकला होतास."

कार्यकर्ते हसले. भाऊही हसला, कान मात्र लाल झाले. "बाई, तुमी काय बी विसरत न्हाई."

"कधी आहे?"

"येत्या गुरुवारी. पोरांना सुट्टी असती, शेडसमोर मोकळं असतं."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यात पौर्णिमेला गोल केलेला असतो, कारण त्या संध्याकाळी शेडसमोरच्या विहारात सगळे जमतात. यावेळची पौर्णिमा महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी होती. वार सोमवार. मला कधी कधी वाटतं की सृष्टीला माझ्याविषयी थोडी आपुलकी असावी.

"गुरुवारी आमची माणसं लग्नांना जातात रे," मी म्हटलं. "कार्यक्रम पौर्णिमेला ठेव. विहारासमोरच. बायाबापड्या पांढऱ्या साड्या नेसून आलेल्याच असतात, तुला कुणाला बोलवावं लागणार नाही. आणि पौर्णिमेला आमच्यात आलास तर लोकांना बरं वाटेल."

भाऊनं कार्यकर्त्यांकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या साड्यांची रांग मला स्पष्ट दिसली. तो गर्दी मोजत होता. तारीख त्यानं बघितलीच नाही.

"व्हय, बाई. पौर्णिमाच बरी. ठरलं."

ते गेल्यावर मिस्टर आतून म्हणाले, "बाई, तो त्या दिवशी पिंप पेटवायचं नाही म्हणून सांगेल की."

"सांगेल ना."

"मग?"

"महिनाअखेर आहे."

मिस्टर बाहेर आले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते मी बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. या पट्ट्यात महिनाअखेर म्हणजे काय ते कंपनीत राबलेल्या माणसाला समजवावं लागत नाही. महिनाभर आरामात चालणारं काम शेवटच्या दोन दिवसांत उरकायचं असतं. घरात मयत झालं तरी माल निघतो. पार्ट दुप्पट म्हणजे आकडे दुप्पट, ते कमी पडणार, आणि स्वच्छ आकडा हवा असेल तर पिंप पेटवण्यावाचून गत्यंतर नाही. चाकणला गाड्यांची लाइन पार्टवाचून थांबली तर शेडवाल्याला पुढचा महिना दिसत नाही.

"फार वाईट आहात तुम्ही," मिस्टर म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

बॅनर छापून लागल्यावर भाऊच्या लक्षात आलं असावं, कारण त्याचा फोन आला. "बाई, तारीख जरा मागं-पुढं..." मी म्हटलं, पौर्णिमा मागं-पुढं करण्याचा अधिकार मला नाही. मग स्टेज कुठे बांधायचं याबद्दल त्याचा माणूस विचारायला आला. मी सुचवलं की शेडच्या भिंतीला पाठ करून बांधा, म्हणजे मावळतीचं ऊन साहेबांच्या डोळ्यांवर येणार नाही. त्यानं माझे आभार मानले.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच मी मिस्टरांना देहूरोडला नणंदेकडे पाठवून दिलं. ते जायला तयार नव्हते. "ज्याच्यासाठी केलं त्यालाच बघू देत नाही," म्हणाले.

"व्हिडिओ दाखवीन."

"धूर व्हिडिओत येतो का?"

"साहेब येतील," मी म्हटलं आणि त्यांच्या खिशात पंप आहे की नाही ते बघितलं.

संध्याकाळी विहारासमोर पांढऱ्या साड्यांची खरोखरच रांग लागली. स्टेजवर मधोमध मोठे साहेब, एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला तोच प्रदूषणाचा अधिकारी, शेवटी मी. मागे बॅनरवर हिरवी पानं आणि त्यांतून डोकावणारा निळा पृथ्वीगोल. बॅनरच्या मागे भिंत, आणि भिंतीमागे शेड. शेडमध्ये भट्टी चालू होती, तिची घरघर माइकला ऐकू येत होती. पण पिंप थंड होतं. स्वागत, प्रास्ताविक, दीप वगैरे झालं. गल्लीच्या तोंडाशी चाकणला जाणारा टेम्पो दार उघडं टाकून उभा होता.

साहेब बोलायला उठले तेवढ्यात शेडचा सुपरवायझर स्टेजच्या कडेनं आला आणि भाऊच्या कानाशी लागला. मी दोन खुर्च्या सोडून होते, मला सगळं ऐकू आलं.

"भाऊ, हूक संपलेत. सगळे भरलेत रंगानं. चाकणवरनं सारखा फोन येतोय."

"कार्यक्रम होऊ दे."

"लाइन थांबंल म्हणतेत."

"जरा दम काढ की राव."

"त्यांना सांगू का दम काढा म्हणून?"

भाऊनं समोर बघितलं, साहेबांच्या पाठीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. मी गुलाबाच्या गुच्छाकडे बघत होते. मग त्यानं मान हलवली. अगदी थोडी. हा क्षण मी कित्येकदा आठवून बघितला आहे. त्याला कोणी ढकललं नव्हतं. आरोग्य एकीकडे होतं, माल एकीकडे, आणि त्यानं मान हलवली, रोज हलवायचा तशीच.

पहिला लोट बॅनरच्या वरून आला आणि पृथ्वीगोलाच्या पुढून खाली उतरला. साहेब म्हणत होते, "स्वच्छ हवा ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो आपला मूलभूत..." आणि तिथे त्यांचा घसा धरला. त्यांनी पाणी मागितलं. पाणी प्यायले, तोंड उघडलं, दुसरा लोट आत गेला.

गल्ली शांत बसली होती. सगळ्यांनी पदर आणि ओढण्या नाकावर कधी घेतल्या ते कळलंही नाही. संध्याकाळची ती त्यांची सवय. समोर एकही माणूस खोकत नव्हता. खोकत होतं ते फक्त व्यासपीठ.

"साहेब, रुमाल बांधा तोंडाला," आमची शेजारीण मागून ओरडली. "रोजचंच हाय हे."

"आज निळा हाय, साहेब," दुसरी म्हणाली. "काळा असता मंजी कळलं असतं."

हशा पिकला. साहेबांनी भाषण आवरलं, घाईघाईनं माझ्या खांद्यांवर शाल टाकली, हातात रोप दिलं आणि निघायच्या बेतानं चपलेत पाय घातला. पण सत्कारमूर्तीचं मनोगत बाकी होतं. मी माइकसमोर उभी राहिले.

"साहेब, बसा," मी म्हटलं. "समोर मुलं बसली आहेत. पाहुणे मध्येच उठले तर ती काय शिकतील?"

साहेब बसले. निवडणूक होती, समोर मोबाइल उगारलेले होते. आणि भाऊ तर वर्गात असताना जसा बसायचा तसाच बसला, मान खाली घालून.

मी मूलभूत हक्क शिकवले. पहिल्यापासून. समानतेचा हक्क, मग स्वातंत्र्याचा, मग शोषणाविरुद्धचा, प्रत्येक हक्क उदाहरणासह, जसा नववीला शिकवायचा तसा, सावकाश, मध्ये प्रश्न विचारत. धूर वाढत होता. आकडे बरेच असावेत. माझेही डोळे चुरचुरत होते. पण मला या धुरात शिकवायची सवय होती, त्यांना शिकायची नव्हती. साहेबांचं नाक वाहायला लागलं. मी जीविताच्या हक्काशी आले तेव्हा अधिकाऱ्याकडे वळून माइकमधूनच विचारलं, "काय साहेब, हवा कशी आहे आज?"

त्याला बोलता आलं नाही. त्यानं हातानं नुसतं नाही नाही केलं.

"बाई, आवरा आता," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अजून धार्मिक स्वातंत्र्य राहिलंय, बाळ," मी म्हटलं. "हक्क अर्धे शिकवू नयेत."

मग तो खोकला. साधा खोकला नव्हे. पोट धरून, वाकून, श्वास सापडत नसल्यासारखा, दोन शब्दांच्या मध्ये तुटलेला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. गेले कित्येक महिने मी त्याच आवाजावर चहा ठेवत होते. मी तो पूर्ण ऐकला. तो थांबेपर्यंत बोलले नाही. लोकांना वाटलं, बाईंना काळजी वाटली.

देहूरोडहून परत आल्यावर मिस्टरांनी व्हिडिओ दोनदा बघितला. दुसऱ्यांदा मधूनच पुढे ढकलून थेट खोकल्यापाशी नेला. "लहानपणी बरा होता हा," एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं नाही.

साहेबांचा आवाज बसला आणि पुढचे काही दिवस त्यांना सभांना नुसते हात हलवावे लागले, असं कानावर आलं. साहेब चिडले ते गल्लीसाठी चिडले असं समजण्याइतकी मी भोळी नाही. पण त्यांच्या घशानं जे केलं ते माझ्या अर्जांना जमलं नव्हतं. आठवड्याच्या आत शेडला टाळं लागलं. भाऊनं यंत्रं उचलून चाकणच्याही पलीकडे कुठेतरी नेली. जाताना तो भेटायला आला नाही. सत्कारात मिळालेलं रोप आमच्याकडे आहे, ते जगलं.

समाधान झालं का, असं मला एका जुन्या सहकारी बाईंनी विचारलं. क्षमा केल्यानं मन हलकं होतं असं त्या म्हणाल्या. माझं मन हलकं आहे. भाऊचा तो खोकला मला अजून आठवतो, विशेषतः भाजी निवडताना, आणि आठवला की बरं वाटतं. मिस्टरांची छाती जेवढी गेली तेवढी गेली, डॉक्टर म्हणतात ती परत यायची नाही; उरलेली टिकेल. वंदना ते पुन्हा मोठ्यानं म्हणतात. एका ओळीत दोनदा थांबतात, आणि मी तोवर गॅस बारीक करते.

शेड धुरामुळे बंद झाली असं गल्ली समजते आणि मीही कार्यक्रमांतून तसंच सांगते. शेडच्या दारावर चिकटवलेली महापालिकेची नोटीस मी चष्मा लावून वाचली होती. तिच्यात धूर, हवा, आरोग्य, हक्क यांतला एकही शब्द नव्हता. शेडच्या छपराचा पत्रा मंजूर हद्दीपेक्षा गल्लीत पुढे आला होता, हे कारण होतं. त्याच दिवशी तशीच नोटीस आमच्याही दारावर लागली, कारण आमच्या मोरीवरचा पत्राही पुढे आलेला होता. आम्ही तो कापून घेतला.